स्विफ्टचं सस्पेन्शन ट्रॅकसाठी करायचंय, पण कोइम्बतूरला चालवत नेऊन चालवतच परत आणायची आहे

वाळूजचा_गडी:

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, १८५/६५ आर १५ टायर, सगळं कंपनीनं दिलं तसंच. रोज संभाजीनगरहून वाळूज एमआयडीसीला ड्युटी अन् सुट्टीला गेवराईकडं गावी, एवढाच वापर. मागच्या थंडीत मित्रांसोबत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डे केला. २.१ किमीचा सपाट ट्रॅक, वळणं एकामागं एक येतात, तिथं कळलं की रस्त्यावर चांगली वाटणारी गाडी खऱ्या जोरात काय करते. स्टिअरिंग जितकं जास्त फिरवावं तितकी पुढून बाहेर सरकायली, ब्रेकला नाक खाली, सोडलं की वर, अन् डावं-उजवं असं जोडवळण आलं की बॉडी एका बाजूनं सावरायच्या आधीच दुसरं वळण सुरू. संध्याकाळी टायर पाहिले तर पुढच्या दोन्हींचा बाहेरचा खांदा पार सोललेला आणि आतली बाजू जशीच्या तशी.

पुन्हा जायचंय हे नक्की. इथल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, गाडी बसेल आणि चिकटून पळेल, खर्च जवळपास काहीच नाही. दुसरा म्हणाला थेट कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट) टाका, पुण्याहून मागवतो, त्यात पैसे लई जायलेत. माझी अडचण अशी आहे की ट्रेलर नाही, त्यामुळं गाडी इथून बीड, सोलापूर, विजयपूर करत चालवत न्यायची, तिथं दिवसभर हाणायची आणि तशीच परत आणायची, आणि सोमवारी ड्युटीला जायचंय. आई-दादा पण याच गाडीत गावाला येतात. तर सुरुवात कुठून करू? आधी काय, नंतर काय, आणि काय मुळीच करू नये?


औट्रम_घाट:

वाळूजभाऊ, उत्तर तुम्हीच दिलंय, टायरच्या खांद्यात. बाहेरची बाजू सोललेली अन् आतली कोरी म्हणजे वळणात टायर सपाट बसतच नाही, कडेवर चालायलंय. पैसे उंची कमी करण्यात नाही, पुढच्या कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्यात घाला. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की दुकानदार काय सांगतोय ते आपलं आपल्याला तपासता येतं. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाईल हे ठरतं गाडीच्या वजनावर, वळणाच्या जोरावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकातल्या अंतरावर. स्प्रिंग कडक की मऊ याचा त्यात संबंध नाही. तुमची गाडी ड्रायव्हर धरून साधारण ९५० किलो धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंमी, चाकातलं अंतर १५२ सेंमी, वळण ०.९ जीचं, म्हणजे आडवा जोर गाडीच्या वजनाच्या ०.९ पट. गुणाकार-भागाकार केला तर जवळपास ३०० किलो आतून बाहेर जातात. आता गाडी ३० मिमी खाली बसवली तर आकडा येतो २८० च्या आसपास. म्हणजे एवढा उपद्व्याप करून १७-१८ किलोचा फरक. तो नको असं नाही, पण त्याच्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापून चाकाची चाल घालवायची हे मला पटत नाही.

त्यात तुमच्या गाडीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप अन् स्प्रिंगचा एकच उभा खांब, चाक त्यालाच जोडलेलं) आहे. त्याची एक खोड आहे. गाडी खाली आली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक वर जातं, आर्म उलटा तिरका होतो, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी खाली असूनही कलायचा जोर वाढलेला असतो. वरून वळणात स्ट्रट दबताना जो थोडाफार निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची कड आत) मिळायचा तोही जातो. फोटोत गाडी भारी दिसते अन् ट्रॅकवर आधीपेक्षा जास्त सरकते, ती यामुळं.

स्विफ्टमध्ये स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या तुकड्याला) दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यातला वरचा बोल्ट काढून एक्सेंट्रिक म्हणजे कॅम्बर बोल्ट टाकता येतो. साधारण एक ते दीड डिग्री मिळते. कंपनीचं सेटिंग शून्याच्या जवळ असतं, तुम्हाला दोन्ही बाजूंनी सारखं उणे दीडच्या आसपास मिळालं तरी त्याच टायरवर पुढची पकड कशी बदलते ते बघा. निव्वळ ट्रॅकच्या गाड्या उणे तीनपर्यंत जातात, तुम्हाला सोमवारी ड्युटी आहे म्हणून तिथं जाऊ नका. कॅम्बर बदलला की टो (वरून बघितलं तर चाकं आत की बाहेर वळलेली ते) बदलतोच, तो शून्यावर आणून घ्या. रोजच्या वापरात टायर आतून खातो तो बहुतेक वेळा बिघडलेल्या टोमुळं, कॅम्बरचं नुसतं नाव होतं.


लातूर_मिस्त्री:

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं पण त्याच्या आधीचं काम राहिलं. गाडी आठ वर्षाची झाली. आपल्याकडच्या रस्त्यावर आठ वर्षं म्हणजे लोअर आर्मचे बुश (जोडावरची रबरं) गेलेच समजा, लिंक रॉड खडखड करत असतील, स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असेल. त्याच्यावर कॅम्बर बोल्ट टाकून अलाइनमेंट केली तर मशीनवर आकडा बरोबर येतो अन् ब्रेक मारला की आर्म मागं सरकतो, टो कुठल्या कुठं. मग तुम्ही म्हणता गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. अलाइनमेंट उभ्या गाडीची असते, ट्रॅकवर गाडी उभी नसते.

म्हणून आधी गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडं धरून हलवा. वर-खाली हललं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, आडवं हललं तर टाय रॉड. बुश बघायला पहार लावून आर्म दाबून बघा, रबर फाटलेलं लगेच दिसतं. शॉकअपच्या दांड्याखाली तेलाची ओल दिसली तर तो गेला, जोडीनं बदला, एकच बदलायचा नाही.

अजून एक गोष्ट लिहून ठेवा, ही फार जण करत नाहीत. रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. हवेत आर्म खाली लोंबलेला असतो, त्या अवस्थेत टाइट केलं की गाडी खाली घेतल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो, मग चार महिन्यात फाटतो अन् दोन बाजूंची उंचीपण वेगळी दिसते. आधी हातानं लावून घ्या, गाडी चाकावर उभी करा, थोडी पुढं-मागं ढकला, मग टॉर्क रेंचनं टाइट करा.

स्प्रिंग कापायचं तर नावच काढू नका. चालू वेढे सहा असतील अन् एक कापला तर स्प्रिंग पाचास सहा या हिशेबानं वीस टक्के कडक होते, पण उंची जाते त्यामुळं शॉकअप कायम खालच्या भागात काम करतो अन् बंप स्टॉपवर (चाल संपली की टेकणाऱ्या ठोकळ्यावर) आदळतो. वळणात बंप स्टॉपला टेकली की त्या चाकाची स्प्रिंग एकदम दगड होते, पकड सुटते ती अचानक सुटते. शेवटचा वेढा सीटमध्ये बसावा म्हणून कंपनीनं चपटा केलेला असतो, तो कापला की स्प्रिंग वाकडी बसते, चाक पूर्ण लोंबलं की जागा सोडून फिरतेपण. कोणी गॅसनं तापवून बसवतो म्हणलं तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका.


परभणी_१२००:

माझं मत वेगळं आहे भाऊ. एवढं बुश, बोल्ट, एकेक करत बसण्यापेक्षा एकदाच चांगला अॅडजस्टेबल कॉइलओव्हर टाका ना. उंची पाहिजे तशी, डॅम्पिंग (शॉकअपचा रोध) पाहिजे तसं, वर कॅम्बर प्लेट असलेला सेट मिळाला तर कॅम्बरही वरूनच. ट्रॅकला नॉब फिरवून कडक, घरी येताना मऊ. तुकड्या-तुकड्यानं केलं तर शेवटी तेवढेच पैसे जातात, आणि दर वेळी अलाइनमेंटचे वेगळे.


औट्रम_घाट:

परभणीभाऊ, चांगल्या सेटला माझा विरोध नाही. पण नॉब फिरवला की गाडी मऊ होते हे अर्धंच खरं आहे. नॉबनं डॅम्पर म्हणजे शॉकअपचा रोध बदलतो, स्प्रिंग तीच राहते. ट्रॅकसाठी दुप्पट कडक स्प्रिंग घेतली तर ती गेवराईच्या रस्त्यावरही दुप्पट कडकच असणार, आणि आई-दादा मागच्या सीटवर असणार. खालची रिंग फिरवून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते हाही समज लई ठिकाणी ऐकलाय. सरळ स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यावर ठरतो, रिंगनं उंची बदलते नाहीतर चाकाची खाली जायची चाल बदलते, बस.

स्प्रिंग किती कडक पाहिजे याचा अंदाज घरी काढता येतो. एका पुढच्या चाकावर बॉडीचं वजन साधारण २६० किलो येतं असं धरा. बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते हर्ट्झमध्ये मोजतात, कंपनीच्या गाड्या दीड हर्ट्झच्या आतबाहेर ठेवतात, १.४ धरलं तर चाकापाशी साधारण २ किलो प्रति मिमी येतं. २ हर्ट्झ म्हणजे बऱ्यापैकी ट्रॅकची गाडी, तिला ४.२ किलो लागतं. तुमच्या वापराला मी १.७ च्या आसपास थांबेन, म्हणजे ३ किलो प्रति मिमी. स्ट्रटला स्प्रिंग जवळजवळ चाकाच्या चालीएवढीच दबते म्हणून पुढं हा आकडा थेट धरला तरी चालतो. मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा बीम) आहे, तिथं स्प्रिंग चाकाच्या आत अन् पुढं बसते, चाक जेवढं हलतं त्यापेक्षा ती कमी दबते, म्हणून चाकाला हवा त्याच्यापेक्षा जास्त कडक स्प्रिंग लागते. सेट घेताना दुकानदाराला पुढचा-मागचा आकडा विचारा. त्याला माहीत नसेल तर तो सेट घेऊ नका, ब्रँड कितीही मोठा असो.

आणि स्प्रिंग दुप्पट झाली तर डॅम्पिंग साधारण १.४ पट लागतं. जुन्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग टाकली की गाडी खड्ड्यानंतर तीनदा उड्या मारते. म्हणून स्प्रिंग अन् शॉकअप हे एकच खरेदी समजा.

रस्त्याचं पण बघा. आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षात लाटा धरतो. खड्डा लांबून दिसतो, लाट दिसत नाही. ८० च्या स्पीडला अशा लाटेवर चाकाला वर जायला पूर्ण चाल लागते. त्यामुळं गाडी खाली बसवायचीच असेल तर १५-२० मिमीच्या पुढं जाऊ नका, तेही स्प्रिंग कडक झाल्यावर आपोआप सावरते तेवढंच.


वाळूजचा_गडी:

मिस्त्रीकाका, आजच जॅकवर घेतली. डाव्या बाजूचा लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय, अन् दोन्ही लिंक रॉडला खेळ आहे. शॉकअप कोरडे आहेत. म्हणजे बुश-लिंक रॉड पक्कं झालं.

दोन प्रश्न. एक, अलाइनमेंटवाल्याकडं कॅम्बरचा आकडा दोन वेळा घेतला तर दोन वेगळे आले, घरी स्वतः मोजता येईल का? दुसरा, हे सगळं झाल्यावर फरक पडला की नाही हे कोइम्बतूरला पोहोचायच्या आधी कसं कळणार? इतक्या लांब जाऊन गाडी उलटीच वागली तर दिवस वाया. एक जण म्हणतोय रात्री समृद्धीवर नाहीतर कन्नडच्या घाटात बघू.


जिनिंगवाला_जालना:

समृद्धीवर अन् घाटात अजिबात नाही. समृद्धीला कारची मर्यादा १२० आहे अन् तिथं वळणंच नाहीत, सस्पेन्शनचं काय कळणार? कन्नडच्या औट्रम घाटात समोरून कोण येईल सांगता येत नाही, दुसऱ्याच्या लेकराबाळांच्या जिवावर आपलं सेटिंग तपासायचं नसतं.

त्याच्यापेक्षा मोकळं आवार बघा. आपल्याकडं जिनिंगचं काम कापसाच्या हंगामात चालतं, उन्हाळ्यात आवार रिकामी असतात, खाली काँक्रीट. मालकाची परवानगी घ्या, आत माणूस-जनावर नाही याची खात्री करा, गेटवर एक जण उभा करा, हेल्मेट-बेल्ट लावा. ३० मीटर व्यासाचा गोल आखा, म्हणजे मध्ये खुंटी अन् १५ मीटर दोरी. त्या गोलावर नुसत्या ४० च्या स्पीडनं गाडी फिरली तरी ०.८ जीच्या वर जोर येतो, म्हणजे साध्या टायरची हद्दच. ट्रॅकवरचं अंडरस्टिअर (पुढून बाहेर सरकणं) इथं ४० ला दिसतं. भोवती वीसेक मीटर मोकळं पाहिजे, भिंतीपाशी गोल आखू नका. बदल करायच्या आधी एकदा फिरा, कुठल्या स्पीडला पुढून सरकायला लागली ते लिहून ठेवा, उजवीकडून अन् डावीकडून वेगळं. बोल्ट टाकल्यावर त्याच गोलावर, त्याच हवेवर, तेवढ्याच पेट्रोलवर पुन्हा.

आणि जिनिंगला वजनकाटा असतोच. पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन, पूर्ण गाडीचं दुसरं, तुम्ही सीटवर बसलेले असताना. औट्रमभाऊंनी २६० किलो अंदाजानं धरलंय, तुम्हाला तुमच्या गाडीचं खरं पुढचं-मागचं वजन कळेल. काटा पाच-दहा किलोच्या पटीत दाखवतो पण या हिशेबाला तेवढं पुरतं.

कॅम्बर घरी मोजायला ओळंबा घ्या, गवंड्याचा. आधी जागा सपाट आहे का ते पारदर्शक नळीत पाणी भरून चारी चाकांखाली बघा, कमी असेल तिथं फरशीचे तुकडे घाला. स्टिअरिंग सरळ. रिमच्या वरच्या कडेच्या अगदी समोर ओळंबा सोडा, दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं अंतर अन् खालच्या कडेचं अंतर मोजा. १५ इंची रिमला कड ते कड साधारण ४०० मिमी येतं, त्यावर ७ मिमीचा फरक म्हणजे एक डिग्री. वरची कड १४ मिमी आत असली की उणे दोन झाले. मग गाडी अर्धं चाक पुढं ढकलून पुन्हा मोजा अन् सरासरी घ्या, कारण रिम थोडं वाकडं असू शकतं. अलाइनमेंटवाल्याचे दोन आकडे वेगळे आले त्याचं एक कारण फाटका बुश असणार, दुसरं म्हणजे चाकाला मशीनचं हेड लावल्यावर रनआउट (रिमच्या वाकडेपणाचा फरक) काढला नसेल.

टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंनी स्टँडला दोऱ्या ताणा, दोन दोऱ्या एकमेकींना समांतर पाहिजेत, अन् प्रत्येक रिमची पुढची कड-मागची कड दोरीपासून मोजा. याला वेळ जातो पण मशीनवर विसंबून राहावं लागत नाही, ट्रॅकवर जागेवरसुद्धा करता येतं.


परभणी_१२००:

ओळंब्याचं मस्त सांगितलं दादा. औट्रमभाऊंचा स्प्रिंगच्या आकड्याचा मुद्दा मान्य, मी सेट बघताना हा प्रश्न विचारला नसता. पण मग मागच्या बाजूचं काय? स्विफ्ट पुढून सरकते तर मागं जाड अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून बॉडीचं कलणं कमी करणारा दांडा) टाकला की नाक आत येतं असं ऐकलंय, तो तर स्वस्त पण आहे.


औट्रम_घाट:

येतं, खरं आहे. आधी सांगितलं तसं एकूण ३०० किलो बदलत नाहीत, पण ते पुढच्या अन् मागच्या जोडीत कसे वाटले जातील हे स्प्रिंग अन् बार ठरवतात. मागं कडक केलं की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढच्या टायरवरचा भार हलका होतो, आणि आतलं पुढचं चाक जमिनीवर राहिल्यानं वळणातून निघताना ते नुसतं फिरत बसत नाही. आपल्या गाड्यांना साधा डिफरन्शियल असतो, एक चाक सुटलं की ताकद तिकडंच जाते, म्हणून पुढचा बार जाड करणं तर या गाडीत उलटंच पडेल. ट्रॅकवर आतलं मागचं चाक चार बोटं उचललेलं दिसलं तर घाबरायचं नाही, पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांचं ते नेहमीचंच.

पण हे काम शेवटी. मागची बाजू कडक केलेली गाडी वळणाच्या मध्यात अॅक्सिलरेटर एकदम सोडला की मागून बाहेर येते. नवीन माणूस घाबरला की पहिलं तेच करतो, पाय उचलतो. ट्रॅकवर मोकळी जागा असते, पण विजयपूरच्या पुढं पावसात ऊसाची ट्रॉली आडवी आली अन् तुम्ही पाय उचलून स्टिअरिंग फिरवलं तर तिथं मोकळी जागा नाही. आधी पुढची पकड वाढवा, मग राहिलंच अंडरस्टिअर तर मागचा बार. तोही अॅडजस्ट होणारा, रस्त्यावर सगळ्यात मऊ भोकात.

टायरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. घासलेले पुढचे दोन बदलायचेच असतील तर चारी चांगल्या पकडीचे घ्या, १९५/६० आर १५ ची गोलाई तुमच्या आत्ताच्या टायरपेक्षा फक्त एक टक्का कमी आहे, स्पीडोमीटरही फार फसत नाही. १९५/५५ घेऊ नका, गोलाई चार टक्क्यांनी कमी होते, उंचीपण जाते. माझ्या मते पैशाच्या हिशेबात टायर अन् कॅम्बर या दोन गोष्टींच्या जवळपासही कॉइलओव्हर येत नाही, निदान पहिल्या वर्षी.


नांदेड_फिरस्ता:

सस्पेन्शनवर चर्चा चाललीय, पण ब्रेक ऑइल बदललं का? पकड वाढली की ब्रेकवर जोर वाढतो. डॉट ३ नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं असलं की १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० अन् १५५. दोन-तीन वर्षं जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात तर चौथ्या-पाचव्या फेरीला पेडल फरशीला जाऊ शकतं. ताजं डॉट ४ भरा, हवा पूर्ण काढा, पॅड निम्म्याच्या वर असू द्या.

दुसरं कागदाचं. कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून कलम असतं, त्यात रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर ठोकली तर खर्च स्वतःचा, हे धरूनच जा. आणि मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला मनाई करतं, त्यामुळं रस्त्यावर जाताना-येताना गाडी जितकी मुळासारखी तितकं बरं. जुने बुश-बोल्ट-स्प्रिंग फेकू नका, सगळं पोत्यात भरून ठेवा. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा.


वाळूजचा_गडी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग असं ठरवलंय: बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंटिंग आधी, लातूर_मिस्त्री काकांनी सांगितलं तसं गाडी चाकावर उभी करून टाइट. मग कॅम्बर बोल्ट, उणे दीडच्या जवळ, टो शून्य. चार टायर १९५/६०. डॉट ४. स्प्रिंग-शॉकअप या वर्षी नाही. जालन्याच्या भाऊंना मेसेज टाकलाय आवारासाठी.

आता फक्त ट्रॅकवरचं सांगा. हवा किती ठेवू अन् बोल्टचं सेटिंग तिथं गेल्यावर बदलावं का? घरी परत येताना काय?


औट्रम_घाट:

हवा गरम टायरची बघायची, थंडची नाही. सकाळी २५ डिग्रीला ३० पीएसआय भरली अन् टायरमधली हवा ६० डिग्रीला गेली की ३५ च्या वर दाखवते. म्हणून सकाळी चारीमध्ये ३० भरा, चार फेऱ्या मारा, आत आल्या-आल्या मोजा, अन् पुढचे ३४-३५ वर आणून ठेवा. त्यानंतर टायर गार झाला तर आकडा खाली दिसेल, तेव्हा भरायची नाही. परतीला निघताना मात्र दारावरच्या स्टिकरप्रमाणं भरा, सामान असेल तर त्यातला लोडचा आकडा, कमी हवेवर हायवेला हजाराच्या वर किमी पळवायचं नाही.

पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं) खडू घेऊन जा. टायरच्या खांद्यावर, बाहेरच्या भिंतीवर उतरेल अशी आडवी जाड रेघ मारा. फेऱ्या मारून आलात की खडू कुठपर्यंत पुसला ते बघा. भिंतीवर उतरून पुसला असेल तर हवा कमी नाहीतर कॅम्बर कमी, आणि खांद्याच्या आतच राहिला तर हवा दोन पीएसआय कमी करून बघा. सुई टोचून आतलं तापमान घेणारा पायरोमीटर कोणाकडं असला तर आत, मध्ये, बाहेर तिन्ही घ्या. मध्ये सगळ्यात गरम म्हणजे हवा जास्त. बाहेर आतपेक्षा गरम म्हणजे अजून कॅम्बर पाहिजे, आत बाहेरपेक्षा पाच-दहा डिग्री गरम असेल तर बरोबर बसलंय. लेझरच्या बंदुकीवर विसंबू नका, ती फक्त वरचा थर बघते अन् तो पिटपर्यंत येईस्तोवर गार होतो.

बोल्ट तिथं बदलायचे तर बदला, पण एका वेळी एकच गोष्ट. हवा अन् कॅम्बर दोन्ही एकदम बदलले तर फरक कशानं पडला हे कधीच कळत नाही. निघायच्या आधी घरी एक काम करा: उणे दीडला सेट केल्यावर बोल्टच्या डोक्यावर अन् स्ट्रटच्या कानावर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा. ट्रॅकवर कर्बवर (वळणाच्या उंच कडेवर) चाक चढलं, नाहीतर परतीला सोलापूरच्या अलीकडं खड्ड्यात गेलं, तर रेघ तुटलेली दिसते. तो जोड घर्षणावर धरलेला असतो, बोल्ट बारीक असतो, म्हणून त्याच्या पाकिटावर दिलेला टॉर्क पाळा, कंपनीच्या जाड बोल्टचा नाही.


लातूर_मिस्त्री:

अन् पहिल्या पाच फेऱ्या झाल्या की चाकाचे नट तपासा, गाडी जमिनीवर ठेवून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. नवीन टायर बसवताना रिमच्या मागचा गंज साफ केला नसेल तर नट सैल होतात. बुश नवीन टाकल्यावर ४००-५०० किमी रोजचं चालवा, मग अलाइनमेंट, मग ट्रॅक. लगेच केलेली अलाइनमेंट बुश बसल्यावर हलते.